कीड न लागणारी झाडं

शेजारचा रिकामा प्लॉट साफ झाला तो दिवस मला आठवतो. त्याहून जास्त आठवते ती दुसऱ्या दिवशीची पहाट.

त्या प्लॉटवर बघण्यासारखं काही नव्हतं, असं कुणीही म्हटलं असतं. टाकळा, आघाडा, एरंडाची दोन-तीन झुडपं, कमरेएवढं गवत आणि एका कोपऱ्यात अर्धा वाळलेला पांगारा. त्याच्या वाळक्या फांदीच्या बेचक्यात एक ढोली होती. दर वर्षी उन्हाळा तोंडावर आला की एक दयाळ त्या पांगाऱ्याच्या शेंड्यावर बसून उजाडायच्या आधीपासून गायला लागायचा. एक लांब शीळ, मग थोडा थांबा, मग तीच ओळ जरा वळवून पुन्हा. घड्याळाच्या गजरापेक्षा त्या शिळेनेच मला जाग यायची.

जेसीबी सकाळी आला आणि दुपारच्या जेवणाआधी काम आटोपलं. संध्याकाळी जमीन ताटासारखी सपाट दिसत होती. जाणारे-येणारे क्षणभर थांबत. "बरं झालं, साफ झालं एकदाचं. किती माजलं होतं!" मीही मान डोलावली असेन. दुसऱ्या दिवशी पहाटे दयाळ गायला, तो मुरमाच्या ढिगावर बसून. पांगारा नव्हता ना. तीच ओळ, तितक्याच जोरात. असा तो चार दिवस गायला. पाचव्या दिवशी पहाट झाली ती नुसतीच.

तेव्हापासून 'साफ' हा शब्द माझ्या जिभेवर अडखळतो.

झाडं तोडली म्हणून पक्षी गेले, हे आपल्याला पटकन पटतं, आणि ते खरंही आहे. पण गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. त्या प्लॉटवर इमारत उभी राहिली तेव्हा तिच्याभोवती आधीपेक्षा कितीतरी जास्त झाडं लागली. उंच पाम, काटकोनात कापलेली कुंपणं, गालिच्यासारखं लॉन, वर्षभर फुलणारी रंगीत झुडपं. माहितीपत्रकात त्याला 'निसर्गाच्या सान्निध्यात' म्हटलं होतं आणि ते लिहिणाऱ्याला तसं मनापासून वाटतही असेल. हिरवाई होती, पाणी होतं, फुलं होती. तरी दयाळ आला नाही. शिंपी पक्षी आला नाही. बुलबुलाची एक जोडी दोन दिवस फिरली आणि निघून गेली.

याचं उत्तर मला एका रोपवाटिकेत मिळालं. मी कुंपणासाठी रोपं बघत होते आणि विकणारा एकेका रोपाचे गुण सांगत होता. पाणी कमी लागतं, पानं गळत नाहीत, कचरा होत नाही. मग सगळ्यात मोठा गुण सांगावा तशा आवाजात तो म्हणाला, "आणि ताई, याला कीड अजिबात लागत नाही." ते पान मी बोटांत धरून पाहिलं. चकचकीत, जाड, एकही भोक नाही. जणू प्लास्टिकचं.

त्याच सुमाराला माझ्या खिडकीबाहेर एका रुंद पानांच्या रोपावर शिंप्याने घरटं केलं होतं. एका पानाच्या दोन्ही कडा जवळ आणून, कडेकडेने चोचीने बारीक भोकं पाडून, त्यांतून कापसाचे आणि कोळ्याच्या जाळ्याचे धागे ओवून त्याने पानाची पिशवी शिवली होती. प्रत्येक टाक्याबाहेर धाग्याचं टोक पिंजारून फुगवलेलं, म्हणजे टाका सुटत नाही. आत मऊ कापूस. तीन पिलं. त्यांच्या चोचींच्या कडा पिवळ्या आणि आतला घसा केशरी. पान जरा हललं की तिन्ही घसे एकदम उघडायचे.

मी खेपा मोजायला बसले. नर आणि मादी आळीपाळीने येत होते. प्रत्येकाच्या चोचीत काहीतरी हिरवं, मऊ, वळवळणारं. अळी मोठी असली तर आधी फांदीवर दोन-तीनदा आपटायची, चोचीत नीट धरायची आणि मग सर्वांत उंच मान केलेल्या पिलाच्या घशात खोलवर द्यायची. परत जाताना पिलाच्या विष्ठेची पांढरी गाठोडी चोचीत धरून बाहेर न्यायची. तासाभरात माझी मोजदाद चुकली. पहिल्या उजेडापासून संधिप्रकाशापर्यंत त्या दोघांना उसंत नव्हती, आणि हे जवळजवळ दोन आठवडे चाललं.

तेव्हा उमगलं की घरटं बांधायला झाड मिळणं ही पक्ष्याची अर्धीच गरज आहे. पिलू वाढवायला अळ्या लागतात, आणि त्याही ढिगाने.

हे ढिगाचं मोजमाप अभ्यासकांनी केलेलं आहे. अमेरिकेत चिकडी नावाचा एक पक्षी आहे, आपल्या रामगंगा पक्ष्याचा भाऊबंद, मुठीत सहज मावेल एवढा. एका घरट्यातली पिलं उडती होईपर्यंत चिकडीची जोडी त्यांना सहा ते नऊ हजार अळ्या भरवते. आणि त्या मैलोन्‌मैल फिरून नव्हे, घरट्याच्या आसपासच्या झाडांवरून वेचून. दाणे खाणारे पक्षीसुद्धा पिलांना कीटकच भरवतात. चिमणी स्वतः दाणे टिपते, पण पिलू पहिले दिवस अळ्या-किड्यांवरच वाढतं. या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात चिमण्यांच्या घरट्यांचा अभ्यास झाला, तेव्हा कीटक कमी असलेल्या भागात पिलं घरट्यातच दगावताना दिसली. आपण गॅलरीत मूठभर धान्य ठेवतो, ते चांगलंच आहे, मीही ठेवते. पण चार दिवसांच्या पिलाला त्याचा उपयोग नाही.

आता अळ्या कुठून येतात? इथे रोपवाटिकेतल्या त्या वाक्याचा अर्थ उलगडतो. झाडं आपली पानं कुणी खाऊ नयेत म्हणून त्यांत कडू, विषारी, पचायला जड अशी रसायनं साठवतात. प्रत्येक झाडाची कुलपं वेगळी. एखाद्या प्रदेशातल्या फुलपाखरांनी आणि पतंगांनी तिथल्या झाडांची कुलपं उघडायला हजारो-लाखो वर्षं घेतली आहेत. बहुतेक अळ्यांना मोजक्याच झाडांची किल्ली सापडलेली असते. दुसऱ्या खंडातून आणलेलं शोभेचं झाड त्यांच्यासाठी बंद घर असतं. अमेरिकेच्या पूर्व भागात ओकच्या झाडांवर पाचशेहून अधिक जातींच्या अळ्या वाढतात. तिथल्या रस्त्यांच्या कडेला हौसेने लावलेला पूर्व आशियातला गिंको मात्र अळ्यांच्या दृष्टीने जवळजवळ उजाड आहे. दोन्ही झाडं, दोन्ही हिरवी, दोन्हींची सावली गारच. पण एकाच्या खाली पंगत बसते आणि दुसऱ्याच्या खाली कुणी नाही.

वॉशिंग्टन शहराच्या परिसरात लोकांच्या घराभोवतीच्या बागांमध्ये याच चिकडीचा अभ्यास झाला आणि तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. बागेतल्या एकूण झाडोऱ्यात स्थानिक झाडं सत्तर टक्क्यांहून कमी असतील, तर तिथली चिकडी आपली संख्या टिकवू शकत नाही, असं त्यात दिसलं. पक्षी दिसतात, गातात, घरटंही करतात. पण जेवढे मरतात तेवढे नवे तयार होत नाहीत. खिडकीतून पाहणाऱ्याला वाटतं, आहेत की पक्षी. काही वर्षांनी ते नसतात आणि नक्की कधी गेले ते सांगता येत नाही.

या अभ्यासाने मला मुळापासून हलवलं. जंगल तोडणारे कुणी दुसरे, असं मी समजत होते. इथे तर माझ्या कुंपणाचा प्रश्न होता. मी स्वतः अशाच कधीतरी साफ केलेल्या जागेवर राहते. माणसांना घरं लागतात, रस्ते लागतात, हे मला मान्य आहे. पण घराने व्यापलेल्या जागेनंतर उरलेल्या मोकळ्या जागेत आपण काय लावतो, हे कुणी आपल्यावर लादलेलं नसतं. तिथे आपली आवड चालते, आणि ती आवड इतकी एकसारखी कशी झाली?

लॉनच घ्या. २००५ साली उपग्रहाच्या चित्रांवरून अमेरिकेतल्या लॉनचं क्षेत्र मोजलं गेलं, ते सुमारे १ लाख ६० हजार चौरस किलोमीटर भरलं. पाणी देऊन वाढवलेलं त्या देशातलं सर्वांत मोठं पीक म्हणजे हे लॉन. ते कुणी खात नाही. गवताला बी धरायच्या आत ते कापलं जातं, म्हणून मुनियांसारख्या पक्ष्यांना त्यातून दाणा मिळत नाही. मधलं तण औषधाने मारलं जातं, म्हणून अळी नाही. मातीतले किडे मारायलाही औषध असतं. उरतो तो हिरवा रंग.

क्वचित शोभेचं झाड नुसतं रिकामं नसून घातकही निघतं. नंदिना हे आशियातलं लाल फळांचं झुडूप अमेरिकेत बागाबागांतून लावलं गेलं. त्याच्या फळांत सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. २००९ साली जॉर्जिया राज्यात सीडर वॅक्सविंग जातीचे पक्षी मोठ्या संख्येने मेलेले आढळले. तपासणीत त्यांची पोटं या लाल फळांनी गच्च भरलेली निघाली. लावणाऱ्याने ते झुडूप थंडीत रंग दिसावा म्हणून लावलं होतं.

आणि मग आपली टापटीप. मला वाटतं, लागवडीइतकंच, कदाचित जास्तच, नुकसान या टापटिपीने केलं आहे. वाळलेली फांदी दिसली की कापायची, म्हणजे ढोल्या गेल्या. गळलेली पानं रोज झाडून पोत्यात भरायची, म्हणजे पानाखालचे किडे गेले आणि पाचोळा उलथून खाणारे कस्तुरासारखे पक्षी गेले. जाळी-जळमटं काढायची, म्हणजे शिंप्याचा आणि शिंजिराचा दोरा गेला. शिंजिराचं लोंबतं घरटं काड्या, साल आणि कचरा यांचं असतं, पण त्याला बांधून ठेवतं ते कोळ्याचं जाळं. ऐन विणीच्या दिवसांत मी कित्येकदा केरसुणी उंच करून कोपरे झाडले आहेत. काय झाडतेय ते मला माहीत नव्हतं.

कुंपण छाटण्याचंही तेच. आमच्याकडे छाटणीचा दिवस ठरलेला असायचा. एकदा कात्री चालताना आतून बुलबुल ओरडत उडाला, आणि पुढच्याच घावाला वाटीएवढं घरटं उघडं पडलं. अंडी फुटली नव्हती. माळीकाकांनी कात्री खाली ठेवली आणि तोडलेल्या दोन फांद्या त्यावर आडव्या घालून ते झाकायचा प्रयत्न केला. बुलबुल काही वेळ तारेवर बसून राहिला. संध्याकाळपर्यंत कावळ्याला ते सापडलं होतं. काकांचा दोष नव्हता. छाट म्हणून आम्हीच सांगितलं होतं.

जर्मनीत यासाठी कायदाच आहे. १ मार्च ते ३० सप्टेंबर या काळात तिथे कुंपणं आणि झुडपं मुळाजवळून छाटायला किंवा उपटायला मनाई आहे. वाढ नीटनेटकी ठेवण्यापुरती हलकी छाटणी चालते. इंग्लंडमध्ये मात्र घरटं वापरात असताना ते मोडणं गुन्हा असल्यामुळे काही बांधकाम व्यावसायिकांनी वेगळीच युक्ती काढली. पक्ष्यांनी घरटं बांधूच नये म्हणून विणीच्या हंगामाआधी अख्ख्या कुंपणांवर जाळी पांघरली. २०१९ च्या वसंतात या जाळ्यांची छायाचित्रं पसरली आणि विरोधाच्या अर्जावर ३ लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. पाखरांना जवळ येऊ न देणारी ती हिरवी जाळी मी फोटोत पाहिली, तेव्हा मला रोपवाटिकेतलं ते गुळगुळीत पान आठवलं.

हे सगळं एकेका अंगणापुरतं, एकेका प्लॉटपुरतं घडतं, म्हणून ते दिसत नाही. बेरीज केली की दिसतं. २०१९ साली उत्तर अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी ती बेरीज मांडली. १९७० नंतर तिथले सुमारे २९० कोटी पक्षी कमी झाले होते. दर दहातले जवळपास तीन. यात दुर्मीळ पक्षी थोडे. बहुतेक घट चिमण्यांची, वटवट्यांची, रोज दिसणाऱ्या कुळांतल्या पक्ष्यांची होती. माळरानावरच्या पक्ष्यांची संख्या तर निम्म्याहून खाली आली. माळ नांगरटीखाली गेला, इमारतींखाली गेला. भारतातल्या पक्ष्यांविषयी २०२३ साली आलेल्या अहवालात, सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून, ज्या ३३८ जातींचा दीर्घकाळचा कल ठरवता आला त्यांपैकी ६० टक्के जाती घटत असल्याचं दिसलं. घटीची कारणं एकच नाहीत. शेतीतली विषं आहेत, हवामान आहे, मोकाट मांजरं आहेत. पण राहायची आणि पिलं वाढवायची जागा जाणं हे कारण जवळजवळ प्रत्येक यादीत वरच असतं.

जागा जाते म्हणजे दर वेळी पूर्ण जाते असंही नाही. मोठ्या रानातून एक रस्ता काढला, दोन्ही बाजूंना थोडी घरं झाली, तरी नकाशावर रान हिरवंच दिसतं. पण रानाच्या कडा वाढतात. कडेवर मांजरं येतात, कावळे येतात, दुसऱ्यांच्या घरट्यांत अंडी घालणारे पक्षी येतात. अमेरिकेतला काऊबर्ड असाच. तो गर्द रानात फारसा शिरत नाही, पण रानाचे तुकडे झाले की आतल्या वटवट्यांची घरटीही त्याच्या हाती लागतात. बिचारे वटवटे आपल्याहून मोठं परकं पिलू भरवत राहतात.

काचा आणि दिव्यांविषयीही लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण एवढंच सांगते. गाणारे पुष्कळसे पक्षी रात्री स्थलांतर करतात आणि शहराचा उजेड त्यांना खाली ओढतो. काच पक्ष्याला काच म्हणून दिसत नाही. तिच्यात पडलेलं आभाळ दिसतं, झाड दिसतं. ज्या इमारतीपुढे हौसेने झाडं लावलेली, तिच्या काचेत जास्त झाडं दिसतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये शिकागोत तलावाकाठच्या एकाच इमारतीवर आपटून एका रात्रीत सुमारे हजार पक्षी मेले. पुढच्या उन्हाळ्यात त्या काचांवर बारीक ठिपक्यांची फिल्म लावली गेली आणि त्या शरदात तिथले मृत्यू सुमारे ९५ टक्क्यांनी घटले. ठिपके! मला हे वाचून आनंद झाला आणि रागही आला. इतकं सोपं होतं तर.

माझं मन पुन्हा पुन्हा वळतं ते गाण्याकडे.

गाणाऱ्या पक्ष्यांचा आवाज श्वासनलिकेला जिथे दोन फाटे फुटतात तिथे तयार होतो, आणि दोन्ही फाटे वेगवेगळे सूर काढू शकतात. गळा जन्मतः मिळतो, गाणं मात्र मिळत नाही. ते शिकावं लागतं. पिलू आधी ऐकतं, मग महिनोन्‌महिने पुटपुटतं, चुकतं, आणि हळूहळू मोठ्यांच्या ओळीवर येतं. म्हणजे गाण्याला घराणं असतं, आणि शिकायला भोवती गाणारा वडीलधारा लागतो. तो ऐकूही यावा लागतो. नेदरलँड्‌समधल्या लायडन शहरात गोंगाटाच्या जागी राहणारे ग्रेट टिट जातीचे पक्षी वरच्या पट्टीत गातात, हे २००३ साली दाखवलं गेलं, कारण खालचे सूर रहदारीत बुडून जातात. २०२० च्या वसंतात टाळेबंदीमुळे सॅन फ्रान्सिस्को शांत झालं तेव्हा तिथल्या पांढऱ्या माथ्याच्या चिमण्या हळू आवाजात गायला लागल्या, आणि तरीही त्यांचं गाणं आधीपेक्षा लांबवर पोचत होतं. कित्येक वर्षं त्या ओरडून गात होत्या आणि आपल्याला ते त्यांचं नेहमीचं गाणं वाटत होतं.

ऑस्ट्रेलियात रीजंट हनीईटर नावाचा काळ्या-पिवळ्या खवल्यांचा देखणा पक्षी आहे. एके काळी त्याचे थवे फिरत. तो ज्या झाडीत राहायचा ती शेतीसाठी आणि वस्तीसाठी बहुतांश तोडली गेली. आता रानात काहीशेच पक्षी उरलेत, तेही दूरदूर विखुरलेले. २०२१ साली संशोधकांच्या लक्षात आलं की त्यांतले काही नर दुसऱ्याच जातींची गाणी गात आहेत. शिकायच्या वयात त्यांना आपल्या जातीचा एकही मोठा नर ऐकू आला नव्हता. जे कानावर पडलं ते उचललं. असं परकं गाणं गाणाऱ्या नराला जोडीदार मिळणं कठीण जातं. पिंजऱ्यात वाढवलेल्या पिलांना आता जुनी ध्वनिमुद्रणं ऐकवून त्यांचंच गाणं शिकवतात. हे वाचलं त्या रात्री मला मुरमाच्या ढिगावरचा दयाळ डोळ्यांपुढून हलेना. त्याची ती वळवलेली ओळ त्याने कुणाकडून घेतली असेल, आणि कुणाला दिली असेल?

ती न किडणारी रोपं मी आणली नाहीत. कुंपणाला इथलीच सात-आठ जातींची झुडपं लावली. ती वेडीवाकडी वाढतात. पानांना भोकं पडतात, काही पानांच्या तर शिराच उरतात, आणि पाहुणे विचारतात, औषध का मारत नाही. छाटणी आता वीण संपल्यावर करतो. आधी माळीकाका आत डोकावून बघतात, मी सांगायच्या आधीच. पाचोळा कुंपणाखाली लोटून ठेवतो. एक कोपरा मुद्दाम माजू दिला आहे आणि तो खरोखरच माजला आहे, कमरेएवढा.

शिंपी दुसऱ्याच वर्षी आला. दयाळाला वेळ लागला, कारण ढोली अशी लावता येत नाही. शेवटी जुन्या भिंतीतल्या पडक्या भोकात एका जोडीने घरटं केलं. तो हाच दयाळ की दुसरा, मला कळायला मार्ग नाही. नर समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर बसून गातो.

गेल्या आठवड्यात दुपारी, पक्षी गायची वेळ नसताना, कुंपणाच्या आतून घोगरी, अडखळती कुजबुज ऐकू आली. मी पंखा बंद केला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. छातीवर अजून तपकिरी ठिपके असलेलं दयाळाचं पिलू खालच्या फांदीवर बसलं होतं, चोच जेमतेम उघडून. अर्धी शीळ यायची, मध्येच तुटायची. मग ते गप्प बसून टाकीच्या दिशेने मान वळवायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं.